वॉकी-टॉकी घेताना : खोक्यावरचे किलोमीटर आणि कायद्याची चौकट

व्यापारात मालाइतकेच मोल निरोपालाही असते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ग्राहक गाळ्यावर थांबलेला असतो, माल मागच्या गोदामात असतो आणि हमाल ट्रकपाशी उभा असतो. लक्ष्मी रस्त्यावरील कापडाच्या पेढीत विक्री तळमजल्यावर चालते, तर साठा वरच्या मजल्यावर असतो. ‘अमुक गठ्ठा खाली पाठवा’ एवढाच निरोप दिवसातून कितीतरी वेळा द्यावा लागतो. दर वेळी मोबाइलवर क्रमांक लावणे कंटाळवाणे होते, आणि तळघरात तर अनेकदा तो लागतही नाही. गणेश विसर्जनाच्या दिवशी गर्दीत मोबाइल असून नसल्यासारखा होतो. अशा वेळी एक कळ दाबताच सर्व सहकाऱ्यांपर्यंत आवाज पोहोचविणारे हातातील बिनतारी यंत्र, म्हणजेच वॉकी-टॉकी, उपयोगी पडते. त्यास सिमकार्ड लागत नाही आणि मासिक भाडेही नसते.

तथापि हे यंत्र खेळणे नव्हे. ते विकत घेताना किंमत व आकार यांच्याही आधी कायदा पाहावा लागतो.

परवाना कोणाला लागतो?

आपल्या देशात बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास परवाना हवा, हे तत्त्व १९३३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. त्यास एक महत्त्वाचा अपवाद आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यात चालणाऱ्या कमी शक्तीच्या हातातील यंत्रांना केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. सूट परवान्यापुरतीच आहे. यंत्राच्या त्या नमुन्याला दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता, म्हणजे ‘इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल’, असावीच लागते.

अडचण येते ती स्वस्त आयात यंत्रांची. त्यांपैकी कित्येकांवर समोरच्या बटणांनी हवी ती लहर लावता येते. ग्राहकाला ती सोय वाटते. पण सवलतीच्या पट्ट्याबाहेर गेलेले यंत्र परवान्याविना वापरणे बेकायदा ठरते. शिवाय त्या लहरी कोणाच्या तरी असतात. पोलीस, अग्निशमन दल यांची कामे बिनतारी संदेशांवरच चालतात. गोदामातला निरोप त्यांच्या संदेशात शिरला, तर होणारे नुकसान दंडाच्या रकमेत मोजता येणार नाही.

हा धोका काल्पनिक नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या १३ मंचांना याच कारणासाठी नोटिसा बजावल्या. कोणत्या लहरीवर यंत्र चालते, परवाना लागतो की नाही, मान्यता आहे की नाही, याची माहितीच विक्रीच्या पानांवर नव्हती. त्यानंतर प्राधिकरणाने अशा विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही जाहीर केल्या. म्हणून खरेदीदाराने विक्रेत्याकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : लहरींचा पट्टा, मान्यता प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जीएसटीचे पक्के बिल. या तिन्हींपैकी एकही देण्यास जो कुरकुर करील, त्याच्याकडून स्वस्तातही घेऊ नये.

किलोमीटरचा भ्रम

खोक्यावर ‘८ किलोमीटर’, ‘१० किलोमीटर’ असे आकडे ठळक छापलेले असतात. ते सर्वस्वी खोटे नसतात. पण ते मोकळ्या, अडथळाविरहित जागेचे असतात. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट मैदानात उभ्या माणसाचे क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असते. सिंहगडासारख्या सुमारे १,३०० मीटर उंचीच्या गडावरून पायथ्याशी बोलताना छापील आकडा कदाचित खराही ठरेल. तेच यंत्र रविवार पेठेच्या बोळात, जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत किंवा काँक्रीटच्या मजल्यांखाली काही शे मीटरवरच थकते. लोखंडी शटर लहरी अडविते, आणि बटाटा-कांद्याच्या ओल्या मालाची थप्पीही त्या शोषून घेते.

यास उपाय एकच : घेण्यापूर्वी दोन नग मागवून आपल्याच जागेत चाचणी घ्यावी. एकाने गल्ल्यापाशी उभे राहावे, दुसऱ्याने तळघर, जिना, गच्ची आणि ट्रक उभा राहतो ती जागा अशी क्रमाने फिरावी. शटर पाडूनही पाहावे. जेथे आवाज तुटतो, ती जागा कागदावर लिहून ठेवावी. सवलतीच्या पट्ट्यातील साधारण अर्ध्या वॅटचे यंत्र पेढी व लगतच्या गोदामास बहुधा पुरते.

शहराच्या दोन टोकांना दुकान व गोदाम असेल, तर मात्र ते पुरणार नाही. तेव्हा रीतसर परवाना घेऊन अधिक शक्तीचे यंत्र वापरणे हा एक मार्ग. शुल्क भरून स्वतंत्र लहर नेमून मिळते. दुसरा मार्ग सिमकार्डावर चालणाऱ्या, वॉकी-टॉकीसारख्या दिसणाऱ्या यंत्राचा. त्याची पोहोच देशभर असते. परंतु ते मोबाइलच्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने जाळे कोलमडले की तेही मुके होते. शिवाय त्याला मासिक खर्च असतो. विक्रेते दोन्ही प्रकार एकाच नावाने विकतात. म्हणून हा भेद आधीच विचारून घ्यावा.

बाकीच्या पारखी

बॅटरीचे तास जाहीर करताना बहुधा ५ टक्के वेळ बोलणे, ५ टक्के ऐकणे आणि ९० टक्के वेळ स्वस्थ असणे गृहीत धरतात. सतत बोलण्याच्या जागी ते तास घटणारच. पाच-सहा यंत्रे एकत्र ठेवता येतील असा चार्जर आणि सुटी बॅटरी मिळते की नाही, हे पाहणे हिताचे. मिरची, हळद व धान्याच्या गाळ्यावर धूळ हा मोठा शत्रू असतो. ‘आयपी ५४’ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव व पाण्याच्या शिंतोड्यांस दाद न देणे. ‘आयपी ६७’ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकाव.

सर्वांत मोठा गैरसमज गुप्ततेचा आहे. यंत्रावरील ‘प्रायव्हसी कोड’मुळे इतरांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, एवढेच घडते. आपले बोलणे मात्र त्याच चॅनेलवर असलेला कोणीही ऐकू शकतो. सवलतीचा पट्टा सर्वांसाठी खुला असल्यामुळे शेजारच्या पेढीचे यंत्रही त्यावर असू शकते. म्हणून रोकड किती जमली, बँकेत कोण व कोणत्या वाटेने निघाले, तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे, खरेदीचा भाव काय, या गोष्टी वॉकी-टॉकीवर कदापि बोलू नयेत. त्यासाठी प्रत्यक्ष माणूस पाठवावा.

वापराची शिस्तही नोकरवर्गाला पहिल्याच दिवशी शिकवावी. कळ दाबून क्षणभर थांबावे, मग बोलावे. नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘पाठवू नका’चे ‘नका’ तेवढे ऐकू येते. एका वेळी एकानेच बोलावे. संख्या दोनदा सांगावी आणि ऐकणाऱ्याने ती परत उच्चारावी.

यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. चुकीच्या लहरीची किंवा उघड झालेल्या रोकडीची किंमत मात्र केव्हा आणि किती मोजावी लागेल, हे कोणत्याही खातेवहीत आधी लिहिलेले नसते. म्हणून प्रथम प्रमाणपत्र, मग स्वतःच्या जागेतील चाचणी, आणि शेवटी भाव, हाच खरेदीचा क्रम ठेवणे श्रेयस्कर.