शिरोळ, कुरुंदवाड आणि व्हर्जिनिया : वंश, जात, धर्म व अर्थकारण यांच्या परस्परसंबंधाचा एक विचार

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि निग्रो गुलामांची मुक्तता करणाऱ्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांस तो अर्पण केला. या अर्पणपत्रिकेचा निर्देश वारंवार होतो. परंतु तीत गृहीत धरलेली तुलना ऐतिहासिक कसोटीस कितपत उतरते, याचा विचार क्वचितच केला जातो. जातीचे बंधन व वर्णभेदाचे बंधन ही एकाच जातीची बंधने होत काय? की दोहोंचे बाह्य रूप सारखे असून घडण भिन्न आहे? या प्रश्नाचा काही उलगडा दक्षिण महाराष्ट्रातील एका लहानशा प्रदेशाचा इतिहास जवळून पाहिल्यास होऊ शकतो.

प्रथम अमेरिकेकडे वळू. व्हर्जिनियाच्या वसाहतीत १६१२च्या सुमारास जॉन रॉल्फ याने विक्रीसाठी तंबाखूची लागवड आरंभिली. या पिकास मजूर पुष्कळ लागत. आणि आरंभीची कित्येक दशके हे मजूर मुख्यतः मुदतबंदीचा करार केलेले गोरे इंग्रजच होते. १६१९ साली आफ्रिकी लोक तेथे प्रथम आणले गेले, तेव्हा त्यांची कायदेशीर स्थिती पुरती ठरलेली नव्हती. ख्रिस्ती मनुष्यास दास करू नये, असा समज त्या काळी प्रचलित होता. म्हणजे सीमारेषा होती ती धर्माची. मग दासांनीच बाप्तिस्मा घेतला तर काय? या अडचणीस वसाहतीच्या विधिमंडळाने १६६७ साली सरळ उत्तर दिले : बाप्तिस्म्याने दास्यत्व सुटत नाही. तत्पूर्वी १६६२ सालीच अपत्याची स्थिती मातेच्या स्थितीवरून ठरेल असा कायदा झाला होता. १६७६ साली नॅथॅनिएल बेकनच्या बंडात गोरे व काळे मजूर एकत्र आले, आणि १७०५च्या दाससंहितेने त्या दोघांमधील भिंत पक्की केली. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. धर्माची रेषा आर्थिक हितास आड येऊ लागताच ती पुसून तिच्या जागी वर्णाची रेषा ओढली गेली. तिरस्कार आधी की तंबाखू आधी, हा वाद अमेरिकी इतिहासकारांत अद्याप मिटलेला नाही. पण कायद्याच्या तारखा बोलक्या आहेत.

करवीर राज्यात गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. तेथे सत्ताधीशाचेच धार्मिक स्थान वादग्रस्त ठरले. १८९९ साली कार्तिकस्नानाच्या प्रसंगी राजपुरोहित छत्रपतींसाठी वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हणतो, ही गोष्ट राजारामशास्त्री भागवत यांनी शाहू महाराजांच्या नजरेस आणून दिली. वरकरणी वाद मंत्रांचा होता. वस्तुतः वेदोक्ताचा अधिकार म्हणजे क्षत्रियत्वाची मान्यता. आणि राजोपाध्यांच्या वंशपरंपरागत इनामांचे समर्थन सेवेच्या कर्तव्यावर उभे होते. सेवा नाकारली तर इनाम कोणत्या आधारावर चालू राहावे? १९०२ साली इनामे जप्त झाली तेव्हा धर्मशास्त्राचा प्रश्न महसुलाच्या दप्तरात येऊन पोचला. अखेरचे अपील इंग्रज सरकारपुढे गेले व फेटाळले गेले.

या वादाकडे केवळ ब्राह्मण व ब्राह्मणेतर अशा द्वंद्वाच्या चष्म्यातून पाहणे मात्र अपुरे आहे. महाराजांचे पूर्वाधिकारी चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होतो, अशा अर्थाचा मजकूर छापल्याबद्दल टिळक व आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. पुढील वर्षी ते तरुण छत्रपती अहमदनगर येथे, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू पावले. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वांशिक उद्दामपणाविरुद्ध छत्रपतींच्या बाजूने उभा राहिलेला ‘केसरी’ १९०१ साली वेदोक्ताच्या प्रश्नावर मात्र त्याच गादीच्या विरोधात लिहू लागला. परकी राज्याने निर्माण केलेली वंशाची रेषा आणि समाजात आधीच असलेली जातीची रेषा एकमेकींस छेदत होत्या. म्हणूनच इंग्रजांचा पाठिंबा महाराजांना उपयुक्तही ठरला आणि विरोधकांच्या हाती टीकेचे शस्त्रही देता झाला.

आर्थिक बाजू आकड्यांत दिसते. १८९४ साली, महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा, सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. २६ जुलै १९०२च्या जाहीरनाम्याने, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. मागासलेले म्हणजे कोण, याची व्याख्या नकारात्मक होती : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून उरलेले सर्व. या व्याख्येत धर्माचा निकष जवळजवळ नाही. निकष आहे तो विद्या व नोकरी यांत मागे राहण्याचा.

या निकषाचे महत्त्व शिरोळ भागात विशेष जाणवते. कृष्णा व पंचगंगा यांच्या काठच्या या काळ्या जमिनीत मराठ्यांबरोबरच दिगंबर जैन व लिंगायत शेतकऱ्यांची वस्ती मोठी आहे. वेदोक्त की पुराणोक्त, या वादाशी जैनांचा काय संबंध? तरीही जाहीरनाम्याच्या लाभात ते आले, आणि १९०१ साली कोल्हापुरात मराठ्यांप्रमाणे जैनांचेही वसतिगृह निघाले. महाराजांचे चरित्र १९२४ साली लिहिणारे आणि पुढे करवीरचे दिवाण झालेले अण्णासाहेब लठ्ठे हे जैनच होते. धर्म वेगळा असूनही हितसंबंध एक, हे गणित मंत्रांच्या वादातून सुटत नाही. नोकरी व शिक्षण यांच्या हिशेबातूनच सुटते. याच परिसरातील नृसिंहवाडीच्या दत्तस्थानास औरवाड व गौरवाड ही गावे विजापूरच्या आदिलशहाने इनाम दिली, अशी परंपरा आहे; इनामाचे अर्थकारण धर्माची सीमा पूर्वीही ओलांडत आले होते, याचे ते द्योतक होय.

आणखी एक गोष्ट स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवण्याजोगी आहे. शिरोळ करवीरच्या अंमलाखाली. दोन-तीन कोसांवरील कुरुंदवाड मात्र पटवर्धन या ब्राह्मण संस्थानिकांचे, आणि १८५४ नंतर तेही थोरल्या व धाकट्या पातीत विभागलेले. माती एक, पिके एक, शेतकऱ्यांच्या जाती त्याच. पण १९०२चा जाहीरनामा एका गावास लागू आणि दुसऱ्यास नाही. जातीचा आर्थिक परिणाम कोठवर पोचावा हे राज्याची हद्द ठरवीत होती. ही विभागणी संस्थानांच्या विलीनीकरणापर्यंत, म्हणजे कुरुंदवाडच्या बाबतीत १९४८ व करवीरच्या बाबतीत १९४९ पर्यंत, टिकली. या दोन गावांची जुनी दप्तरे शेजारी ठेवून अद्याप कोणी पाहिली तर पुष्कळ हाती लागेल.

आता पुन्हा फुल्यांच्या तुलनेकडे येऊ. आर्य बाहेरून आले व त्यांनी येथील मूळच्या लोकांस दास केले, ही त्यांची उपपत्ती जातीस वंशाचे रूप देते. त्या काळच्या युरोपीय विद्येचा तो प्रभाव होता, आणि शोषितांच्या हाती तिने एक धारदार अस्त्र दिले हेही खरे. परंतु १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी जातीची मीमांसा वंशावर नव्हे, तर बंद विवाहसंबंधांवर उभारली, आणि शूद्रांविषयीच्या १९४६च्या ग्रंथात वांशिक उपपत्ती स्पष्टपणे नाकारली. त्याच वर्षी त्यांनी निग्रो विचारवंत ड्यू बॉइस यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे निग्रोंच्या वतीने ठेवलेल्या अर्जाची प्रत मागितली. दुःख सारखे आहे म्हणून उपाय पाहावयाचा. कारण सारखे आहे असे मात्र मानावयाचे नाही, अशी ही भूमिका आहे.

महारवतनाचे उदाहरण या भेदावर प्रकाश टाकते. व्हर्जिनियातील दास मालकाची मालमत्ता होता. त्याला जमीन नव्हती. महारास जमीन होती, आणि तीच त्याची बेडी होती. तुटपुंज्या वतनाच्या मोबदल्यात सबंध घराणे रात्रंदिवस सरकारी कामास बांधलेले असे. विकला न जाणारा, पण सुटूही न शकणारा असा हा मनुष्य. करवीर राज्यात १९१८ साली कुलकर्णी वतने रद्द होऊन पगारी तलाठी आले, आणि त्याच वर्षी महारवतनेही खालसा करून जमिनी रयताव्याने देण्याचा हुकूम निघाला. मुंबई इलाख्यात याच प्रश्नावर डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली कौन्सिलात विधेयक मांडले. ते पार पडले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला.