समोर बसलेला माणूस

घरात चार माणसं, चौघांच्या हातांत चार मोबाईल आणि कोपऱ्यात कुणीच बघत नसलेला टीव्ही. माणसं समोरासमोर बसतात, पण एकमेकांना दिसतातच असं नाही. चित्रकारांपाशी यावर एक जुना उपाय आहे. तो म्हणजे समोर माणूस बसवून त्याचं व्यक्तिचित्र काढणं.

१८९९ साली पॉल सेझानने पॅरिसचा चित्रविक्रेता आंब्रुआझ व्होलार याला असं समोर बसवलं. सफरचंदासारखं स्थिर बसावं, हा सेझानचा आग्रह! व्होलारने पुढे लिहून ठेवलं, की आपण ११५ वेळा बसलो, तरी चित्र अपुरंच राहिलं. सेझानचं जरा समाधान झालं, ते सदऱ्याच्या पुढच्या भागापुरतं.

२००२ मध्ये ल्युसियन फ्रॉईडने लंडनमध्ये डेव्हिड हॉकनीचं चित्र केलं. त्यासाठी हॉकनी शंभराहून अधिक तास बसला. हॉकनी तर स्वतःच नामवंत चित्रकार! पुढे २०१३ पासून त्याने लॉस एंजेलिसमध्ये एकाच खुर्चीवर एकेकाला बसवून, प्रत्येकाला साधारण तीन दिवस देत चित्रं केली. त्यांतली ८२ व्यक्तिचित्रं २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत मांडली गेली. जोडीला एक फळांचं चित्र होतं. कारण बसायला येणारा माणूस ऐन वेळी आला नाही!

एवढा वेळ लागतो कशाला? फोटोपुरता चेहरा क्षणभर सजवता येतो. तासन् तास तो टिकत नाही. खांदे सैलावतात, हसू ओसरतं आणि खरा माणूस दिसू लागतो. चित्रकाराच्या मनालाही भटकायला सवड नसते. नाकपुडीपासून ओठ किती अंतरावर, हनुवटीखालच्या सावलीत निळा किती, हे दर मिनिटाला पुन्हा पाहावं लागतं. ‘लक्ष दे’ असं मनाला बजावून भागत नाही. त्याला असं काम द्यावं लागतं.

आपल्या सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी उभी राहिली होती त्यांचीच मुलगी, गीता. घरातल्याच माणसाकडे वडिलांनी किती बारकाईने पाहिलं असेल!

आपल्या मोबाईलमध्ये आईचे शेकडो फोटो असतात. पण तिच्या कपाळावरची आठी कुठल्या भुवईशी अधिक खोल आहे, हे न बघता सांगता येईल? एखाद्या रविवारी पेन्सिल-कागद घेऊन तासभर तिच्यासमोर बसावं. चित्र बिघडलं तर बिघडू द्या. “काय रे, एवढं काय बघतोस?” असं ती विचारेल. मग ती बोलू लागली, की हातातली पेन्सिल थांबवून ऐकावं.