रॅम चालली नाही, पण खराबही नव्हती

ग्वाल्हेरच्या हजीऱ्यात तानसेनच्या कबरीशेजारी चिंचेचे झाड आहे. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही जुनी समजूत. पाल्याने कुणाचे काही बिघडत नाही. संगणकाच्या मेमरीबद्दलच्या समजुती मात्र खिशाला चाट लावतात.

समजा, हजीऱ्यातल्याच कुणी जुन्या सर्व्हरमधून काढलेली १६ जीबीची डीडीआर-४ रॅम स्वस्तात मागवली. ‘सर्व्हरची आहे, दणकट असणार’, हा हिशेब. घरच्या संगणकात ती सहज बसते. २८८ पिना जुळतात, खाच जुळते, क्लिपा खट्कन लागतात. पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच. मग पट्टी ‘खराब’ म्हणून परत जाते. ती असते धडधाकट. फक्त ती रजिस्टर्ड जातीची असते आणि घरगुती प्रोसेसरला त्या जातीची भाषा येत नाही.

ही जात ओळखायची खूण पट्टीवरच असते. काळ्या चिपांच्या रांगेत मधोमध एक वेगळ्या आकाराची चिप दिसते. तिला रजिस्टर म्हणतात, आणि काम पाहिले तर ती बफर. या शब्दानेच निम्मा घोटाळा केला आहे. बफर म्हटले की डोळ्यांसमोर येते मोबाईलवर व्हिडिओ अडकल्यावर गरगरणारे चक्र. तेव्हा बफरवाली मेमरी म्हणजे रखडणारी मेमरी, असे लोक धरून चालतात.

रजिस्टरमुळे आज्ञेला घड्याळाचा एक ठोका उशीर होतो, हे खरे. पण डीडीआर-४ च्या ३२०० च्या वेगाला तो ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा असतो, आणि प्रोसेसरने मागितलेली माहिती मेमरीतून हाती यायला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. इतक्या किरकोळ उशिराच्या बदल्यात मिळते काय, ते नळाच्या उदाहरणाने चटकन कळते. नगरपालिकेच्या एकाच वाहिनीला इमारतीतले ३६ नळ थेट जोडले, तर कुणालाच धार लागत नाही. इमारतीने आपली टाकी बांधली की वाहिनीच्या दृष्टीने जोडणी एकच, आतले नळ टाकी सांभाळते. मोठ्या सर्व्हर-पट्टीवर खरोखरच ३६ चिपा असतात. त्या सगळ्या प्रोसेसरच्या आज्ञावाहिनीला थेट लटकल्या, तर विजेच्या स्पंदाच्या कडा बोथट होतात आणि वेग उतरवावा लागतो. रजिस्टर पुढे उभे राहिले की प्रोसेसरला ३६ ऐवजी एकच चिप दिसते. लोड-रिड्यूस्ड पट्टीत तर आज्ञेबरोबर माहितीच्या ताराही बफरमधून जातात. डीडीआर-४ मध्ये सोनेरी पिनांच्या वर बारीक चिपांची ओळ दिसली, तर तीच.

दुसरी समजूत जास्त चिवट आहे: बफर आहे म्हणजे चुका दुरुस्त होतात. दुरुस्ती करते ईसीसी, आणि ती वेगळीच गोष्ट. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीतून ती आली. माहितीच्या ६४ बिटांमागे ८ राखणीचे बिट ठेवले की एक उलटलेला बिट सुधारता येतो आणि दोन उलटले तर निदान कळते. म्हणून डीडीआर-४ च्या साध्या पट्टीवर एका रांगेत ८ चिपा असतील, तर ईसीसीच्या पट्टीवर ९. बफर नसलेली ईसीसी मेमरीही मिळते. बफर आणि ईसीसी सर्व्हरमध्ये एकत्र नांदतात, एवढाच त्यांचा संबंध.

बिट खरेच उलटतात का? गुगलच्या सर्व्हरांवरचा २००९ चा अभ्यास सांगतो की वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चूक नोंदली गेली. व्हर्जिनिया टेकने २००३ मध्ये अ‍ॅपलचे ११०० पॉवर मॅक जी-५ जोडून महासंगणक उभारला. तो जगात तिसरा आला, पण त्यात ईसीसी नव्हती. वर्षाच्या आत सगळी यंत्रे काढून ईसीसीवाली बसवावी लागली. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ सुरू झाला. मान्सूनचे गणित अशा यंत्रांवर तासन्‌तास चालते. तिथे एक बिट गुपचूप उलटणे परवडत नाही.

डीडीआर-५ आल्यापासून नवी आवई आहे की आता प्रत्येक रॅममध्ये ईसीसी असतेच. असते, पण चिपच्या पोटात. चिपमधून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत बिट उलटला, तर तिला पत्ताही लागत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र जपून बोलावे लागते. बफर स्वतः वीज खातो, म्हणून घरच्या दोन पट्ट्यांसाठी तो उगाच खर्च आहे. २००६ च्या सुमारास इंटेलने फुल्ली बफर्ड मेमरी आणली. तिच्यातली एकेक बफर-चिप इतकी तापायची की पट्ट्यांना धातूची जाड कवचे घालावी लागली. २००९ च्या झिऑन या सर्व्हर-प्रोसेसरमध्ये इंटेलने तो नाद सोडला. पण आजच्या पद्धतीचा बफर एकाच सर्व्हरमध्ये भरपूर मेमरी पूर्ण वेगाने चालवू देतो, त्यामुळे केवळ मेमरी पुरेना म्हणून दुसरा सर्व्हर लावावा लागत नाही. बचत तिथे आहे.

वेगाची बाजू तर आता पुरती उलटली आहे. नव्या एमआर-डिम पट्टीतला बफर चिपांच्या दोन रांगांकडून एकाच वेळी माहिती घेतो आणि ती चिपांच्या दुप्पट वेगाने पुढे सोडतो. इंटेलच्या २०२४ च्या झिऑन-६ वर साधी रजिस्टर्ड पट्टी ६४०० ला चालते, ही ८८०० ला. घरगुती संगणकांतही त्याच वर्षी सीयूडिम आली, ज्यात निदान घड्याळाच्या संकेतापुरता बफर आहे.

हजीऱ्यातल्या त्या पट्टीचे उत्तर तिच्या लेबलवरच होते. ‘पीसी४-२४००टी’ अशा मजकुरानंतरच्या आडव्या रेघेपुढचे पहिले अक्षर बघायचे: यू म्हणजे साधी, ई म्हणजे बफरविना ईसीसी, आर म्हणजे रजिस्टर्ड, एल म्हणजे लोड-रिड्यूस्ड. डीडीआर-५ मध्ये ही चूक हातातच थांबते. रजिस्टर्ड पट्टीला १२ व्होल्ट लागतात, साध्या पट्टीला ५, म्हणून दोघींच्या खाचाच वेगळ्या जागी कापल्या आहेत. कितीही दाबली, तरी ती बसत नाही.