कायद्याचे हात आणि गिऱ्हाइकाची पावती

पाटण हें कोयना व केरा या दोन नद्यांच्या संगमावरील तालुक्याचें गांव. डोंगरकुशींतील वाड्यावस्त्यांवरून ज्याला कांहीं घ्यावयाचें असेल तो येथील पेठेंत उतरतो. दुकानदार ओळखीचा असला म्हणजे तक्रारीलाहि जागा असते. वजनांत खोट निघाली तर घरांतील वडील माणूस दुकानाच्या पायरीवर जाऊन चार शब्द सुनावी, आणि बहुधा तेवढ्यानें भागे. आतां मोबाइलवरून वस्तु मागवली कीं ती परगांवाहून घरपोंच येते. ज्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं अशा व्यापाऱ्याला कोणत्या पायरीवर गांठावयाचें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांचा संसार चालविणाऱ्या आमच्या वाचकांना पडत असेलच. कायद्यानें त्याचें जें उत्तर दिलें आहे तें कितपत पुरें पडतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

ग्राहकांनीं संघटित व्हावें ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. १९७५ सालीं निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचें सामान एकत्र घेण्याचा प्रघात पाडला. पुढें २४ डिसेंबर १९८६ रोजीं ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा तीन पायऱ्यांचीं न्यायासनें उभीं राहिलीं. तथापि या व्यवस्थेंत सारा भार मुख्यतः फिर्यादीच्याच खांद्यावर पडे. दोनशें रुपयांच्या भांड्यासाठीं दिवस मोडून साताऱ्यास कोण जाणार? अशीं हजार घरें गप्प राहिलीं कीं, तितक्या घरांच्या नुकसानीचा नफा एका विक्रेत्याच्या पदरांत पडतो.

९ ऑगस्ट २०१९ रोजीं संमत झालेल्या नव्या कायद्यानें हें न्यून भरून काढण्याचा यत्न केला. त्यान्वयें २४ जुलै २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वांत आलें. फिर्यादीची वाट न पाहतां चौकशी करणें, झडती घेऊन कागदपत्रें जप्त करणें, धोक्याचा माल बाजारांतून परत घेववून गिऱ्हाइकांचे पैसे देवविणें, हे अधिकार त्याला आहेत. फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत, आणि तोच अपराध पुन्हां घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड तें करूं शकतें. अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडेहि लेखी देतां येते. शिवाय स्वतःच्या भरपाईची फिर्याद आतां आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगापुढें चालते, मग विकणारा दिल्लीचा असो वा बंगळूरचा.

स्वयंपाकघरांतीलच उदाहरण घेऊं. कुकर म्हणजे कोंडलेल्या वाफेचें भांडें. त्यांतील खोट चुलीपाशीं उभ्या असणारीच्या जिवावर बेतते. म्हणून १ फेब्रुवारी २०२१ पासून भारतीय मानकाच्या खुणेवांचून घरगुती कुकर विकण्यास मनाई झाली. तरीहि अ‍ॅमेझॉनवरून नियमांत न बसणारे २,२६५ कुकर विकले गेल्याचें प्राधिकरणास आढळलें. ऑगस्ट २०२२ मध्यें त्यानें आदेश दिला कीं, प्रत्येक गिऱ्हाइकास कळवावें, कुकर परत घेऊन पैसे द्यावे, आणि एक लाख रुपये दंड भरावा. कंपनीनें त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत दाद मागितली, ही गोष्ट निराळी. परंतु इतक्या घरांच्या वतीनें एकच संस्था उभी राहिली, हें पूर्वीं सहसा घडत नसे. आतां दुसरी बाजूहि पाहावी. या विक्रींत कंपनीस ६,१४,८२५ रुपये दलाली मिळाली होती. दंड तिच्या सहाव्या हिश्शाहूनहि कमी भरतो. माल परत घेण्याचा बोजा त्याहून भारी, हें खरें. पण नुसत्या दंडाची जरब कोणास बसावी?

आमच्या मतें खरा प्रश्न बळाचा आहे. अधिकार कागदावर देणें सोपें असतें. ते चालविण्यास माणसें, प्रयोगशाळा आणि पैसा लागतो. प्राधिकरणाचा खर्च सरकारी अनुदानावर चालतो. जिल्हा आयोगांची स्थिति तर अशी झाली कीं, रिकाम्या जागांबद्दल २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयास स्वतःहून दखल घ्यावी लागली. तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागल्यास पांच महिन्यांत, निकाल देण्याचा यत्न व्हावा असें कायदा म्हणतो. आसनच रिकामें असेल तर त्या मुदतीचा उपयोग काय?

जादा वसूल झालेला जो कर मूळ गिऱ्हाइकास परत करतां येत नाहीं, तो ग्राहक कल्याण निधींत जमा होतो. हा पैसा मुळांत घरोघरच्या खरेदीचाच आहे. त्याचा ठराविक वाटा जिल्ह्याजिल्ह्यांतील तपासणीस बांधून द्यावा, असें आम्हांस वाटतें. अधिकार वाढले म्हणजे प्रामाणिक दुकानदारास जाच होईल, ही भीति अगदींच निराधार नाहीं. म्हणूनच दंड वा मनाईपूर्वीं म्हणणें ऐकण्याचें बंधन आणि तीस दिवसांत राष्ट्रीय आयोगाकडे अपील, या दोन वाटा कायद्यानें ठेविल्या आहेत. चोख माप देणाऱ्या पेठेंतल्या दुकानदाराचें तर यांत हितच आहे, कारण खोट्या मालाची स्वस्ताई प्रथम त्यालाच मारते.

राहतां राहिलें आपलें काम. दुकानदार जुना म्हणून पावती मागण्याचा संकोच धरूं नये. पावत्या तारेंत ओवून ठेवाव्या, कारण फिर्यादीची मुदत दोन वर्षांची आहे. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस जिल्हा आयोगांत शुल्क पडत नाहीं, आणि १९१५ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्ला मिळतो. एकच खोटी वस्तु आळींतील चार घरांत आली असेल तर चौघांनीं मिळून अर्ज करावा. कायदा कितीहि बळकट झाला तरी आपल्या घरांत काय शिजलें व काय फुटलें, हें आपण सांगितल्यावांचून त्याला कळावयाचें नाहीं.