मे महिन्यात घर बघा

तयार घर घ्यावं की प्लॉट घेऊन बांधावं, असं विचारत माणसं वर्षभर माझ्याकडे येतात. विदर्भातल्या वणीत पंचवीसेक वर्षं मी घरांचे नकाशे काढतोय आणि बँकांसाठी घरांचं मूल्यांकनही करतोय, त्यामुळे घेणारा, विकणारा आणि बांधणारा असे तिघंही माझ्या टेबलासमोर बसून जातात. दिवाळीनंतर आलेल्याला मी सांगतो, घाई नसेल तर मे महिन्यात या. हिवाळ्यात वणीतलं कुठलंही घर देखणं दिसतं. जमिनीत पावसाची ओल असते, भेगा मिटलेल्या असतात आणि दिवाळीचा रंग ताजा असतो. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की घराचं खरं काय ते भिंतीवर दिसायला लागतं.

आमच्याकडे हा प्रश्न जास्तच पडतो, त्याला कारण कोळसा. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स निघाली, आणि उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी अशा खाणींवर कुठून कुठून माणसं कामाला आली. नोकरी आहे तोवर क्वार्टर असतं. साठाव्या वर्षी क्वार्टर खाली करायचं, हातात सीएमपीएफ, म्हणजे कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी, आणि ग्रॅच्युइटीचे पैसे, आणि पुढे दोनच वाटा: गावात कुणाचं तरी बांधलेलं घर, नाहीतर चिखलगाव, गणेशपूर, लालगुड्याकडच्या एखाद्या लेआऊटमध्ये प्लॉट. खाणीत शेत गेलं म्हणून मोबदला मिळालेले शेतकरी याच रांगेत असतात. मास्तर असतात, मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यातले नोकरदार असतात.

बहुतेकांचा ओढा बांधण्याकडे असतो. माझा ओढा उभ्या घराकडे आहे. नकाशे काढून पोट भरणारा माणूस असं बोलतो म्हणून लोक माझ्याकडे जरा संशयानंच बघतात. पण कारण पायाखाली आहे.

आमची काळी माती कापसाला चांगली, घराला वाईट. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आकसते. ही हालचाल वरच्या थरात सगळ्यात जास्त आणि साधारण साडेतीन मीटर, म्हणजे अकरा-बारा फुटांपर्यंत पोचते. घराचा पाया त्या थरातच ठेवला तर दर पावसाळ्यात माती त्याला वर ढकलते आणि दर उन्हाळ्यात खाली सोडते. तेही सगळीकडे सारखं नाही. न्हाणीच्या बाजूला ओल जास्त म्हणून तो कोपरा वर, दक्षिणेकडची भिंत उन्हात म्हणून ती खाली. भिंत मधेच फाटते, आणि पोटातला भराव काळ्या मातीचा असेल तर फरशी भाकरीसारखी फुगते.

उपाय आहेत. मुरूम लागेपर्यंत खोदायचं आणि फुटिंग मुरमावर टेकवायचं, हा पहिला. एका प्लॉटवर चार-पाच फुटांवर मुरूम हाती येतो आणि दोन गल्ल्या सोडून बारा फुटांवरही काळीच माती असते. तिथे अंडररिम पाइल घ्यावे लागतात. म्हणजे जमिनीत गोल भोक खोल पाडून तळाशी ते रुंद करायचं. कॉंक्रीटचा तो फुगीर कंद मातीला घट्ट धरून बसतो. काळ्या मातीसाठी ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत विकसित झाली. पाइलवरची बीम जमिनीला टेकवायची नाही, खाली तीन-एक इंच मोकळी जागा सोडायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का नाही. नकाशावर मी हे सगळं काढून देतो. साइटवर मात्र ‘इथं कोन पायते साहेब’ म्हणत ती मोकळी जागा मुरमानं भरून टाकणारे मिस्त्री मला माहीत आहेत.

जुन्या वणीतली काही घरं चुन्यात बांधलेली आहेत. चुनाभट्ट्यांचं राजूर इथून हाकेच्या अंतरावर. चुन्याचा सांधा सिमेंटपेक्षा मऊ असतो. माती थोडी हलली तर भिंतही थोडी हलते, बारीक भेग पडते आणि पुढे चुनाच ती पुष्कळदा बुजवतो. सिमेंटची भिंत ताठ असते, ती सरळ तडकते. म्हणून आजीच्या काळातलं घर नीट उभं आणि नातवाचं फाटलेलं, हे दृश्य आमच्याकडे नवं नाही. लोक त्याला बरकत म्हणतात. मी चुना म्हणतो.

तर मुद्दा असा. नवं घर कागदावर कितीही भक्कम असलं तरी त्याच्या पायाचं काय झालं हे कळायला निदान तीन-चार पावसाळे जावे लागतात. दहा-पंधरा पावसाळे काढलेल्या घराचा निकाल लागलेला असतो. तो वाचता मात्र आला पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात खाणीवरचे एक डंपर ऑपरेटर आणि त्यांच्या सौभाग्यवती आल्या होत्या. निवृत्तीला वर्ष उरलेलं. गावात पंधरा वर्षं जुनं एक घर त्यांना सांगून आलं होतं आणि चिखलगावकडे एका प्लॉटचीही बोलणी चालू होती. काकूंचं मत ठरलेलं होतं. “भाऊ, आमाले तं नवंच पायजे. जनमभर कंपनीच्या क्वार्टरात काढलं, आता दुसऱ्याच्या न्हानीत काहाले?” यावर कुठल्याही इंजिनिअरकडे उत्तर नाही. मी म्हटलं, घर बघू तर या.

भर दुपारी गेलो. घराला नुकता रंग दिलेला होता. विकायच्या आधी रंग दिलेलं घर दिसलं की मी आधी कपाटामागे, लॉफ्टखाली आणि जिन्याच्या पोटात बघतो; तिथे पुट्टीवाल्याचा हात पोचत नाही. प्लास्टरवर नकाशासारखं बारीक जाळं होतं. ते प्लास्टर लवकर वाळल्याचं, त्याला घाबरायचं नाही. बघायची ती खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भेग. ती वर रुंद आणि खाली बारीक असेल तर घराचा तो कोपरा खाली बसतोय असा संशय घ्यावा. दारं उघडझाप करून बघावी. लाकडी दार पावसाळ्यात फुगतंच. पण लोखंडी चौकटीचं लोखंडी दार अडकत असेल तर चौकटच तिरकी झालेली असते. स्लॅबला खालून हातोडीनं ठोकावं. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आत सळई गंजून कॉंक्रीट सुटलंय. न्हाणीच्या वरच्या स्लॅबला तांबूस डाग दिसले तर हातोडीचीही गरज नाही.

त्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिरपी भेग निघाली, एक रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी. आणखी एक समोरच्या खोलीत, केसाएवढी. ऑपरेटरसाहेब म्हणाले, “जाऊ द्या मंग.” मी म्हटलं, थांबा. भेग आहे एवढ्यानं घर वाईट ठरत नाही. ती जुनी होऊन थांबलेली आहे की अजून चालू आहे, हा प्रश्न आहे. दोन्ही भेगांवर मी काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवल्या आणि बाजूला पेन्सिलनं तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकते. साधी, स्वस्त गोष्ट आहे. घरमालकानं आढेवेढे घेतले, पण खरेदी पावसाळ्यानंतर करायची आणि तोवर लेखी, मुद्रांकावर इसार द्यायचा, यावर तयार झाला. जो मालक काच लावू देत नाही त्याच्याशी पुढे बोलू नये, असं माझं मत आहे.

दरम्यान पैशांचा हिशोब मांडला. समजा प्लॉट १२ लाखांचा आणि वर १,००० चौरस फुटांचं घर १८ लाखांत होतं. आणि तसंच उभं घर ३० लाखांना मिळतं. दिसायला बरोबरी. पण प्लॉट घेताना मुद्रांक शुल्क १२ लाखांवर लागतं, उभ्या घराला ३० लाखांवर. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. शुल्काच्या हिशोबानं बांधणारा लाखभर रुपयांनी पुढे असतो. घर बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. काकूंचं लक्ष प्रथम इथे माझ्या बोलण्याकडे गेलं.

आता उलटी बाजू. ठेकेदार चौरस फुटाचा जो दर सांगतो तो पाया ठरावीक खोलीचा धरून. मुरूम खाली गेला की खोदाई, गिट्टी, सळई, भरावाचा मुरूम हे सगळं ‘एक्स्ट्रा’. त्यावर बोअर, सेप्टिक टँक, कंपाउंड वॉल, गेट, विजेचं मीटर. क्वार्टर सुटलं आणि घर झालं नसलं तर भाडं. बँक बांधकामाला पैसे टप्प्याटप्प्यानं देते, प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर असे फोटो बघून; टप्पा अडला की पैसा अडतो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण ती किंमत आमच्यासारख्याच्या मूल्यांकनाची असते, मालकानं सांगितलेली नव्हे. आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर लांब मुदतीचं कर्ज मिळत नाही, हे ऑपरेटरसाहेबांना आधीच कळून चुकलं होतं.

बांधायचंच असेल तर हंगाम सांभाळावा लागतो. पायाची खोदाई उन्हाळ्यात, पाऊस खड्ड्यात शिरायच्या आत. पावसाळ्यात नदीतून रेती काढणं बंद असतं, म्हणून रेती आधी पाडून घ्यावी लागते. आणि भर उन्हाळ्यात स्लॅब टाकला तर पाणी मारायला माणूस हवा. उष्ण आणि कोरड्या हवेत कॉंक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवावं असं भारतीय मानक सांगतं. वणीच्या मेमध्ये सकाळी भरलेलं स्लॅबवरचं आळं दुपारनंतर कोरडं पडलेलं मी बघतो. ज्याच्या घरचं कुणी रोज साइटवर उभं राहू शकत नाही, त्यानं घर बांधू नये. मुलगा पुण्याला, सासरे गुडघ्यांनी बेजार आणि ठेकेदारावर सगळा भरवसा, अशा घरांची मूल्यांकनं करताना मला लिहायला जड जातं.

मुरूम वर असलेला प्लॉट आधीच हातात असेल, म्हाताऱ्या माणसांसाठी सगळं तळमजल्यावर हवं असेल, बघायला घरचा माणूस असेल, तर खुशाल बांधा. मी नकाशा काढून देतो. वास्तूची दिशा विचाराल तर पश्चिमेला खिडक्या कमी ठेवा, एवढंच मी सांगेन. तिन्हीसांजेला तापलेली भिंत रात्री बारापर्यंत झोपू देत नाही.

कागद दोन्हीकडे बघावे लागतात, फक्त वेगवेगळे. प्लॉटला अकृषक आदेश आणि मंजूर लेआऊटचा नकाशा पाहिजे. शेतीच्या सातबाऱ्यातले दोन गुंठे पाडून देणारा भेटला तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. जुन्या घराला आखीव पत्रिका, मंजूर नकाशा आणि गेल्या ३० वर्षांचा शोध. घरटॅक्सची पावती हा मालकीचा पुरावा नाही, हे मी आठवड्यातून एकदा तरी सांगतो. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींच्याही सह्या घ्या. विदर्भातल्या शहरांत नझूलची जमीनही असते. तिथे घर तुमचं, जमीन सरकारची, भाडेपट्टा कधी संपतो ते आधी वाचा.

आणि वणीपुरती एक जादा चौकशी. तालुक्यातल्या खेड्यात स्वस्त प्लॉट मिळत असेल तर ती जमीन कोळसाधारक क्षेत्राच्या १९५७ च्या कायद्याखाली अधिसूचित झाली आहे का, ते कोलफिल्ड्सच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि तहसीलमध्ये विचारा. खुल्या खाणीच्या जवळ सुरुंगाचा हादराही असतो. खाण सुरक्षा महासंचालनालयानं साध्या घरांसाठी कंपनाची मर्यादा घातलेली आहे, सगळ्यात कडक आकडा सेकंदाला ५ मिलिमीटर. पण मर्यादेतला हादराही काळ्या मातीतल्या आधीच फाटलेल्या भिंतीला नकोच. कोळशाचे ट्रक कोणत्या रस्त्यानं जातात तेही बघा. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर संध्याकाळी बोट फिरवलं की समजतं. उभ्या घराचा इथेही फायदा: शेजारणीला विचारता येतं. २०२२ च्या जुलैत तालुक्यात पूर आला तेव्हा पाणी कुठवर होतं, हे रिकाम्या प्लॉटला विचारता येत नाही.

पाऊस सरल्यावर आम्ही काचा बघायला गेलो. समोरच्या खोलीतली शाबूत होती. स्वयंपाकघरातली तडकली होती. बाहेर जाऊन बघितलं तर न्हाणीचा शोषखड्डा त्याच कोपऱ्याला लागून, भिंतीपासून हातभर अंतरावर. पंधरा वर्षं त्या एका फुटिंगखालची माती तो पाजत होता. खड्डा भिंतीपासून लांब न्यायचा, पाइप बदलायचा, घराभोवती तीन फुटांचा फरशीचा पट्टा करून पावसाचं पाणी पायापासून दूर काढायचं, आणि एक उन्हाळा जाऊ देऊन मग भेग भरायची. त्या सगळ्याचा खर्च मी लिहून दिला. मालकानं तेवढी किंमत उतरवली. घर काकूंच्या नावावर झालं. जुनी न्हाणी त्यांनी पहिल्याच आठवड्यात फोडली, नवी टाइल सुद्धा आणून ठेवली; मी म्हटलं, आधी शोषखड्डा हलवा, टाइल मग लावा. सध्या तिथे खोदाई चालू आहे. पाच फुटांवर मुरूम लागला.