उदयन माने : राखीव यादीतून टोकियोपर्यंत

उदयन माने हा ऑलिंपिकमध्ये खेळलेला भारताचा तिसरा पुरुष गोल्फपटू. जन्म १९९१चा, ओळख पुण्याचा खेळाडू अशी. त्याच्या आधी २०१६ साली रिओमध्ये अनिर्बान लाहिरी आणि एस. एस. पी. चौरसिया खेळले होते. त्यांतल्या लाहिरीचा जन्म पुण्याचा.

गोल्फमध्ये समोर प्रतिस्पर्धी असतो तो नावापुरता. खरी लढत मैदानाशी. अठरा होल, आणि चेंडू प्रत्येक होलमध्ये किती फटक्यांत जावा याचा ठरलेला आकडा, म्हणजे पार. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. चार दिवस रोज अठरा होल खेळायचे. सर्वांत कमी फटके ज्याचे, तो विजेता. व्यावसायिक स्पर्धेत दोन दिवसांनंतर साधारण निम्मे खेळाडू गळतात. याला कट म्हणतात, आणि बहुतेक स्पर्धांत कट हुकला की बक्षिसाचा एक रुपयाही मिळत नाही. प्रवास, मुक्काम आणि कॅडीची मजुरी मात्र खेळाडूच्याच खिशातून जाते.

खेळ महाग होण्याचे मूळ जमिनीत आहे. अठरा होलचे मैदान शंभर-दीडशे एकरांचे, आणि ते बारमाही हिरवे ठेवायचे. येवल्यासारख्या तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे असे मैदान कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. म्हणून हा खेळ वाढला तो छावण्या आणि क्लब असलेल्या शहरांत. पुण्यात येरवड्याला त्याचे जुने मैदान आहे.

माने २०१४ साली इंचॉनच्या आशियाई खेळांत भारताच्या हौशी संघातून खेळला आणि त्यानंतर व्यावसायिक झाला. त्याची कारकीर्द घडली ती मुख्यतः देशातल्या पीजीटीआय या मालिकेत. ही मालिका २००६ साली सुरू झाली. इथे विजेत्याचे नाव वर्तमानपत्रात कोपऱ्यातल्या चार ओळींत येते, पण स्पर्धा सोपी नसते. २०१९च्या अखेरीस जमशेदपूरची टाटा स्टील टूर चॅम्पियनशिप त्याने जिंकली. मोसमातली ही शेवटची आणि मानाची स्पर्धा. पाठोपाठ २०२०च्या सुरुवातीला हैदराबादची गोलकोंडा मास्टर्सही त्याची झाली. खेळ ऐन बहरात असताना कोरोनाने सगळेच बंद पाडले. मार्च २०२१मध्ये नोएडाला दिल्ली-एनसीआर ओपन जिंकून त्याने मालिकेतले अकरावे विजेतेपद मिळवले.

ऑलिंपिकचा हिशेब मात्र जागतिक क्रमवारीवर चालतो. खेळाडूने दोन वर्षांत मिळवलेले गुण स्पर्धांच्या संख्येने भागले जातात आणि ताज्या निकालांना वजन अधिक असते. भारतातल्या विजयाला अमेरिकेतल्या विजयाच्या मानाने फार थोडे गुण मिळतात, त्यामुळे देशात अकरा स्पर्धा जिंकूनही माने जगात ३५६वा होता. तरीही दार उघडे राहिले, कारण ऑलिंपिकमध्ये जागा साठच, आणि क्रमवारीतल्या पहिल्या पंधरांच्या खाली एका देशाचे जास्तीत जास्त दोनच खेळाडू. एरवी अमेरिकन खेळाडूंनीच मैदान भरले असते. या नियमाने माने राखीव यादीत वर सरकला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि ती जागा त्याला मिळाली. हे नशीब खरेच. पण नोएडाचा विजय नसता, तर रांगेत त्याचा नंबर इतका पुढे असता का, हाही प्रश्न आहे.

टोकियो ऑलिंपिकचे गोल्फ झाले त्या कासुमिगासेकीच्या मैदानाचे पार ७१. २९ जुलै २०२१ रोजी पहिल्या फेरीत मानेला ७६ फटके लागले. जुलैअखेरचा दमट उकाडा आणि जगातले अव्वल खेळाडू भोवती. नेहमीच्या स्पर्धेत अशी सुरुवात म्हणजे कटची तलवार डोक्यावर. ऑलिंपिकमध्ये कट नसतो, म्हणून चारही दिवस खेळता आले आणि पुढे त्याचा खेळ सावरला. शेवटी साठांत तो ५६वा आला, तर इथेही खेळलेला लाहिरी ४२व्या स्थानावर राहिला. सुवर्ण अमेरिकेच्या झँडर शॉफलीने २६६ फटक्यांत, म्हणजे पारपेक्षा १८ कमी फटक्यांत मिळवले. आठवडाभरात त्याच मैदानावर भारताची अदिती अशोक महिलांत चौथी आली. तिचे पदक एका फटक्याने हुकले, आणि गोल्फच्या वाटेला न जाणाऱ्या घरांतही त्या दिवशी सकाळपासून दूरचित्रवाणी सुरू होती.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या पुरुषांच्या दोन जागा शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर यांनी घेतल्या.