कासवाचे जेवण

मुलांनो, देवळात शिरताना गाभाऱ्यासमोर फरशीत बसविलेले दगडी कासव तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. त्याला नमस्कार करून आपण पुढे जातो. त्या कासवाला खाण्यापिण्याची ददात नसते. जिवंत कासवाचे तसे नाही. आणि नवल असे की, ते घरी ठेवणाऱ्यांनाच त्याचे खरे अन्न कोणते हे बहुधा ठाऊक नसते.

लोणावळ्यास माझ्या परिचयाच्या एका घरी असे एक कासव होते. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. म्हणून या जातीस स्टार कासव म्हणतात. घरात कासव असले म्हणजे लक्ष्मी नांदते, अशा समजुतीने कोणीतरी ते भेट दिलेले. घरातील बारा वर्षांची नात त्याची सारी व्यवस्था पाही. काकडी, टोमॅटो, पिकलेले केळे, कधी दुधात कुस्करलेली पोळी असा त्याचा थाट असे. केळे दिसताच ते मान लांब करून लगबगीने येई. (कासवाच्या मानाने लगबगीने, हे सांगावयास नकोच.)

आषाढ लागला आणि कासवाने अन्न सोडले. केळ्याकडेही ते पाहीना. मी गेलो तेव्हा मुलीचे डोळे भरून आले होते. "गुरुजी, ते माझ्यावर रुसलंय का हो?" तिने विचारले.

ते रुसले नव्हते, गारठले होते. आपले शरीर आपली ऊब स्वतः निर्माण करते. कासवाला ती बाहेरून, उन्हातून घ्यावी लागते. अंग तापल्यावाचून त्याच्या पोटातील अन्न पचत नाही, आणि पचन थांबले की भूकही मंदावते. स्टार कासवाचे घर म्हणजे राजस्थान-गुजरातेतील, तसेच आंध्र-तमिळनाडूतील काटेरी झुडुपांचे रखरखीत माळ. लोणावळा तर घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस तेथे कोसळतो. माळावरच्या जिवाने त्या धुक्यात जेवावे तरी कसे? आपल्या इंद्रायणी-पवनेच्या पाण्यात राहणारी कासवे निराळी. ती मासे, बेडूक, गोगलगाईही खातात. त्यांचा आहार याच्या कामाचा नाही.

पुण्याच्या पशुवैद्यांनी कासव हातात घेऊन पाठ हलकेच दाबली, तेव्हा ती किंचित दबली. घरातील सर्वांचे चेहरे उतरले. कासवाची पाठ ही वर घातलेली पेटी नव्हे; त्याच्या फासळ्या व पाठीचा कणाच तिच्यात जुळलेला असतो. हाडांना चुना म्हणजे कॅल्शियम लागते, आणि ते अंगी लागण्यासाठी ऊन. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही. लागणारे किरण काच अडवून धरते. केळ्यात आणि काकडीत कॅल्शियम नाममात्र. शिवाय केळ्यात साखर फार. कासवाच्या आतड्यात राहणारे सूक्ष्म जंतू गवतपाल्याचे तंतू कुजवून त्यापासून पोषण मिळवून देतात. साखरेने त्यांची घडी विस्कटते. पौष्टिक म्हणून रोज पालक घालणारेही फसतात, कारण पालकातील आम्ल कॅल्शियमला अडकवून ठेवते.

वैद्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती अधिक कठीण होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे कासव पकडणे, विकणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. चोरट्या व्यापारापायी ही कासवे माळावरून इतकी उचलली जातात, की २०१९ साली अनेक राष्ट्रांनी मिळून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद केला. आजोबांनी रात्रभर विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः कासव घेऊन वनखात्याच्या कार्यालयात गेले. नात सोबत गेली नाही.

पुढे कासवाचे जेवण कसे पालटले, हे मी उपचार केंद्रातील एका कर्मचाऱ्याकडून समजून घेतले. आधी ऊब. रोज सकाळी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायचे, मग उजेडात अंग तापू द्यायचे, आणि त्यानंतरच ताटली पुढे करायची. पहिल्या दिवशी ताटलीत काकडीच जास्त, पाला जेमतेम चिमूटभर. मात्र तो इतका बारीक चिरून काकडीत कालवलेला, की वेचून बाजूला सारता येऊ नये. कासवाला रंग कळतात. तांबडा-पिवळा रंग त्याला ओढून घेतो. म्हणून वर जास्वंदीची एक पाकळी! दर दोन-तीन दिवसांनी काकडी थोडी कमी, दूर्वा थोड्या जास्त. मग जास्वंदीचा व तुतीचा पाला, काटे काढलेले निवडुंग. मध्येच एक-दोन दिवस ते ताटलीकडे पाठ फिरवून बसे. बहुतेक माणसे नेमकी येथेच हरतात आणि पुन्हा केळे सोलतात. वाढ झालेल्या, निरोगी कासवाला दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. पिल्लू असेल, नाक वाहत असेल किंवा डोळे सुजले असतील, तर मात्र वाट न पाहता वैद्य गाठला पाहिजे.

काही आठवड्यांनी मी लोणावळ्यास गेलो. मुलीने चहा आणून ठेवला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी तिने विचारले, "केळं मागतं का हो ते?"

"नाही," मी म्हणालो. "आता दूर्वा खातं. आणि जास्वंदीचा पाला."

ती उठून दाराशी गेली. अंगणात जास्वंदीचे झाड पावसात निथळत उभे होते. ते तिच्या आजीने लावलेले, तिच्या जन्माच्याही आधीपासूनचे.